एरफुर्ट शहराच्या ढालीवरचं चाक कसलं? आणि त्या उभ्या रेघा कशाच्या?

कलाबतू:

नमस्कार मंडळी. लालबागला माझं भरतकामाचं छोटं काम आहे. नऊ सुयांचं एक मशीन, पायाचं एक जुनं, मदतीला दोन मुली. वर्षभर शाळांचे बिल्ले आणि बँडवाल्यांच्या टोप्या, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने फक्त पथकांची कामं.

माझा भाचा जर्मनीत एरफुर्टला शिकतो. तिथल्या तीसेक मराठी मुलामुलींनी मिळून ढोल-ताशाचं पथक उभं केलंय. पांढरा सदरा, भगवी बंडी, आणि बंडीवर डाव्या छातीला एरफुर्ट शहराची ढाल हवी आहे. "मावशी, ज्या गावात वाजवतो त्या गावाचं निशाण अंगावर पाहिजे," असं म्हणाला. हे मला फार आवडलं. चाळीस बिल्ले करायचेत, म्हणजे धुण्यात एखादा गेला तरी दुसरा हाताशी. उंची पावणेतीन इंच.

त्याने दोन चित्रं पाठवली आहेत. एक रंगीत: तांबडी ढाल, तिच्यावर पांढरं चाक, सहा आरे. दुसरं कुठल्या तरी जुन्या छापील पानाचं, काळ्या शाईतलं. त्यात ढाल पूर्ण उभ्या बारीक रेघांनी भरली आहे आणि चाक कोरं सोडलंय. मला वाटलं, ही टाक्यांची दिशा दाखवली असणार. मशीनसाठी नक्षी टाक्यांत उतरवून देणाऱ्या पंचिंगवाल्याला आम्ही असंच काढून देतो, भरण उभी की आडवी ते कळावं म्हणून. पण छापील पुस्तकात कोण टाक्यांची दिशा देईल?

आता खरी अडचण. हे चाक कसलं? मदतनीस मुलगी म्हणाली अशोकचक्र. त्याला चोवीस आरे असतात, इथे सहाच आहेत. सासूबाई म्हणाल्या विष्णूचं. मला ते बैलगाडीचं वाटतं. कसलं चाक ते कळलं की कसं काढायचं ते ठरतं. गाडीचं असेल तर तुंबा मोठा काढीन, आरे जाड घेईन, बाहेर लोखंडी धावेची एक वेगळी ओळ देईन. चरखा असेल तर सगळंच नाजूक. नुसतं गोल काढून आत सहा रेघा मारायला हात धजत नाही.

भाचा म्हणतो की लेखी वर्णनात चाक "चांदीचं" आहे. चांदीचा मेटॅलिक धागा चाळीस नगांना वापरायचा म्हणजे दर पाच मिनिटांनी सुई अडणार, धागा तुटणार, आणि ढोल वाजवणाऱ्याच्या घामाने तो काळा पडणार. राखाडी घेतला तर मळकट दिसेल. तांबडी ढाल भगव्या बंडीवर बुडून जाईल ही भीतीही आहेच. आणि शेवटचं: हे त्यांच्या धर्माचं चिन्ह तर नाही ना? बंडी गणपतीपुढे घालायची आहे. तिथल्या लोकांना दुखवायचं नाही, आपल्या लोकांनाही नाही.

गडवाट:

कलाबतूताई, माझा एक अंदाज. एरफुर्ट हे जुन्या काळी निळ्या रंगाच्या व्यापाराचं मोठं गाव होतं. तिथे एका झाडाची पानं दळून निळा रंग काढत. ते दळायचं यंत्र म्हणजे गोल चाकोरी आणि तिच्यात उभं फिरणारं चाक, फिरवायला जनावर. आपल्याकडे गडांवर चुन्याचे घाणे असतात ना, गोल दगडी चर आणि त्यात उभं दगडी चाक, अगदी तसंच. शहर ज्या धंद्यावर मोठं झालं त्याचं चाक ढालीवर, असं असू शकेल.

ऱ्हाइनकाठ:

मी सहा वर्षं जर्मनीतल्याच माइन्त्स शहरात होते, आता पार्ल्यात असते. हे चाक मला चांगलं ओळखीचं आहे, कारण ते मुळात एरफुर्टचं नाहीच. ते माइन्त्सचं आहे.

गडवाट यांनी घाण्याचं सांगितलं ते यंत्र खरं आहे, पण ढालीवरचं चाक ते नव्हे. माइन्त्सच्या आर्चबिशपचं निशाण म्हणजे तांबड्यावर पांढरं सहा आऱ्यांचं चाक. हा आर्चबिशप नुसता धर्मगुरू नव्हता, मुलुख बाळगणारा राजा होता. सम्राट निवडणारे जे सात जण होते त्यांतला एक. त्याची सत्ता जिथे जिथे होती तिथे तिथे हे चाक गेलं. एरफुर्टचं नाव पहिल्यांदा ७४२ साली कागदावर येतं. बोनिफास या धर्मप्रचारकाने तिथे बिशपचं पीठ स्थापून पोपला तसं पत्र लिहिलं. ते पीठ थोड्याच वर्षांत माइन्त्सच्या पीठात विलीन झालं, आणि तेव्हापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या माइन्त्सचा हात एरफुर्टवर राहिला. खुद्द माइन्त्स शहराच्या ढालीवर अशी दोन चाकं आहेत, क्रुसाने एकमेकांना जोडलेली. एरफुर्टच्या ढालीवर एकच.

आता चाकच का? माइन्त्समध्ये कोणालाही विचारा, विलिगिसची गोष्ट सांगतील. विलिगिस ९७५ ते १०११ आर्चबिशप होता. गोष्टीत तो चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा आहे. मोठ्या घरातल्या लोकांना ते सहन होईना, म्हणून त्यांनी त्याला हिणवायला भिंतींवर आणि दारांवर खडूने चाकं काढली. त्याने ती पुसली नाहीत. उलट आपल्या खोलीत तांबड्या रंगावर पांढरी चाकं रंगवून घेतली आणि खाली लिहिलं की विलिगिस, तू कुठून आलास ते विसरू नकोस. ही गोष्ट मला मनापासून आवडते, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. ढालीवर घराण्याचं चिन्ह रंगवायची पद्धतच बाराव्या शतकातली, म्हणजे विलिगिस जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावरची. चाक आधी आलं असणार आणि गोष्ट त्याच्यामागून जुळली असणार. तरीही ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: लोकांच्या मनातलं चाक सुताराच्या हातचं गाडीचं चाक आहे. तुंबा आणि जाड आरे काढलेत तर कोणाला खटकणार नाही.

त्या उभ्या रेघा म्हणजे टाक्यांची दिशा नाही, पण तुमचा अंदाज फार दूरचाही नाही. त्या रंग सांगतात. छापखान्यात एकच काळी शाई असायची, मग तांबडी ढाल आणि निळी ढाल वेगळी कशी दाखवायची? सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ सालच्या ग्रंथामुळे जी खुणांची पद्धत रूढ झाली ती आजही चालते. उभ्या रेघा तांबड्या रंगाच्या, आडव्या निळ्याच्या, तिरक्या हिरव्याच्या, उभ्या-आडव्या जाळीची खूण काळ्याची. ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी. तुमच्या भाच्याने पाठवलेलं दुसरं चित्रही रंगीतच आहे म्हणा, फक्त ते वाचावं लागतं.

आणि "चांदी" म्हणजे पांढरा. "सोनं" म्हणजे पिवळा. ढालीच्या भाषेत पांढरा आणि पिवळा हे दोन धातू, बाकीचे रंग. मेटॅलिक धाग्याची काही गरज नाही, स्वच्छ पांढरा घ्या. राखाडी मात्र घेऊ नका, तो या यादीतच नाही. नियम असा की धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. पांढऱ्यावर पिवळं लांबून दिसत नाही, निळ्यावर काळं दिसत नाही, आणि धुळीत घोड्यावरून येणारा माणूस आपला की परका हे क्षणात कळायला हवं. तांबड्या ढालीवर पांढरं चाक त्या नियमात नीट बसतं. भगव्या कापडावर तांबडी ढाल बुडेल ही तुमची भीती त्याच कारणाने खरी आहे. ढालीच्या कडेने, बाहेरून, पांढरी किनार द्या. अशी बाहेरची किनार ढालीचा भाग धरली जात नाही.

शाईपेन:

फार सुंदर माहिती. एक शंका आहे. मग एरफुर्टने हे चिन्ह ठेवलं कशाला? दुसऱ्या गावच्या मालकाचा शिक्का आपल्या कपाळावर कोण ठेवील?

ऱ्हाइनकाठ:

हा प्रश्न मी तिथे असताना मलाही पडायचा. एरफुर्टने माइन्त्सचा हात झटकायचा प्रयत्न खूपदा केला. व्यापाराने श्रीमंत झालेलं शहर होतं, स्वतःचं विद्यापीठ होतं. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर तिथेच शिकला आणि १५०५ साली तिथल्याच मठात दाखल झाला. पुढे शहरातले बहुतेक लोक त्याच्या पंथाचे झाले, आणि मालक मात्र कॅथलिक आर्चबिशप. शेवटी १६६४ मध्ये माइन्त्सने फ्रेंच फौजेच्या मदतीने शहर ताब्यात घेतलं आणि पुढच्याच वर्षी डोक्यावरच्या टेकडीवर पीटर्सबर्गचा किल्ला बांधायला घेतला. १८०२ साली शहर प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं, माइन्त्सचं राज्य संपलं. चाक राहिलं.

माझं मत सांगते. इतक्या शतकांनंतर ते चाक मालकाचं उरलं नव्हतं. ज्या चिन्हाखाली बाजार भरला, करार झाले, मुलं जन्मली आणि माणसं पुरली, ते चिन्ह ज्यांचं आयुष्य तिथे गेलं त्यांचं होतं. मुंबईने वेगळा रस्ता घेतला. इंग्रजांच्या काळात या शहराचं ब्रीद लॅटिनमध्ये होतं, "उर्ब्ज प्राइमा इन इंडिस", म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. आज पालिकेच्या चिन्हावर "यतो धर्मस्ततो जयः" आहे. दोन्ही रस्ते मला पटतात. मात्र चाक ठेवलं म्हणून एरफुर्टने मान खाली घातली असं मला कधी वाटलं नाही.

धर्माच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चाक आर्चबिशपचं असलं तरी ते क्रुसासारखं पूजेचं चिन्ह नाही. ते सत्तेचं निशाण होतं आणि आता शहराचं आहे. गणपतीपुढे घालायला काहीच हरकत नाही. फक्त एक करा. जर्मनीत नगरपालिकेची ढाल ही त्या पालिकेची असते. दुसऱ्या कोणाला वापरायची तर पालिकेची परवानगी घ्यायची, नाहीतर बघणाऱ्याला हे पालिकेचंच अधिकृत पथक आहे असं वाटू शकतं. भाच्याला आधी पत्र लिहायला सांगा.

गडवाट:

माझा अंदाज चुकला, मान्य. पण निळ्या रंगाची गोष्ट अर्धी सोडवत नाही, कारण ती आपल्या दारापर्यंत येते.

त्या झाडाला जर्मन लोक वाइड म्हणतात. फुलं पिवळी, रंग पानांत. एरफुर्ट ज्या प्रांतात आहे त्या थ्युरिंगियातली पाच गावं वाइडची गावं म्हणून ओळखली जात आणि एरफुर्ट त्यांत सगळ्यांत मोठं. पानं घाण्यात चिरडायची, लगद्याचे गोळे वळून वाळवायचे, मग भिजवून आंबवायचे. मग भारतातली नीळ समुद्रमार्गे युरोपात पोचली. त्याच वजनात तिच्यात कितीतरी जास्त रंग. तिकडे राजांनी बंदीचे हुकूम काढले, नीळ कापड कुजवते म्हणून सैतानाचा रंग म्हटलं, तरी सतराव्या शतकात वाइड मागे पडलाच. ही नीळ कुठली? आग्र्याजवळच्या बयान्याची आणि अहमदाबादजवळच्या सरखेजची, आणि जहाजात चढायची सुरतेला. वर १६६४ साल वाचलं आणि थबकलो. ज्या वर्षी एरफुर्ट पडलं त्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराज सुरतेवर चालून गेले होते. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण एरफुर्टचा धंदा खाणारी नीळ ज्या वखारींत पडून असायची त्या सुरतेतच होत्या.

मुलुंडकर:

गडवाट, तुमच्या गोष्टीचं पुढचं पान माझ्याकडे आहे. माझे वडील मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या कारखान्यात होते. हेक्स्ट हे मुळात फ्रँकफुर्टजवळच्या एका गावाचं नाव, १९२८ साली ते फ्रँकफुर्टमध्ये आलं. ते गावही माइन्त्सच्याच सत्तेखालचं, त्यामुळे त्याच्या ढालीवरही हेच चाक! तिथे १७४६ साली चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला, त्या भांड्यांच्या बुडाला चाकाचीच खूण असते. आणि १८६३ साली तिथे रंगांची जी कंपनी सुरू झाली तीच पुढची हेक्स्ट. १८९७ मध्ये बी.ए.एस.एफ. या दुसऱ्या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, हेक्स्टही तीच करू लागली, आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. भारताच्या निळीने एरफुर्टचा वाइड संपवला आणि जर्मनीच्या निळीने भारताची नीळ संपवली. हेक्स्ट आणि एरफुर्ट, दोन्ही गावांच्या ढालीवर एकच चाक.

ऱ्हाइनकाठ:

मुलुंडकर, हेक्स्टची भांडी मी पाहिली आहेत, पण ही साखळी मी कधी जोडली नव्हती.

एक सावधगिरी म्हणून लिहिते, कोणी चाक दिसलं की माइन्त्स म्हणू नये. उत्तरेत ओस्नाब्रुक शहराच्या ढालीवरही सहा आऱ्यांचं चाक आहे. पण ते पांढऱ्यावर काळं, आणि त्याचा माइन्त्सशी काही संबंध नाही. म्हणून ताई, तांबडा आणि पांढरा हे नक्की सांभाळा. तांबड्याची छटा कुठली, आरे किती जाड, ढालीचा खालचा भाग गोल की टोकदार, हे चितारणाऱ्याच्या हाती असतं. वर्णन शब्दांत असतं आणि तेच प्रमाण. "तांबड्यावर चांदीचं सहा आऱ्यांचं चाक", एवढं पाळलं की तुमची ढाल एरफुर्टचीच.

शाईपेन:

शब्द प्रमाण आणि चित्र मोकळं, हे वाचून आपल्या मुद्रा आठवल्या. आपल्याकडे "प्रतिपच्चंद्रलेखेव" हे शब्दच मुद्रेवर कोरले, चित्राची गरजच ठेवली नाही. त्यांनी शब्द वहीत ठेवले आणि चित्र अंगावर घेतलं.

कलाबतू:

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तीन रात्री हा धागा परत परत वाचला, सासूबाईंनाही वाचून दाखवला. निळीचा भाग आला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. माझे सासरे गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या, कितीही घासलं तरी. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी परत सुरू झाली नाही, तरी काही महिने ती निळाई नखांत होती असं त्या सांगतात. ती नीळ जर्मन पद्धतीची आणि तिच्याआधीची आपली, आणि आपल्या निळीने तिकडच्या एका गावाचा रंग घालवलेला. आता माझा भाचा त्याच गावात ढोल वाजवतो. हे मला कोणी सांगितलं नसतं तर मी नुसतं तांबडं-पांढरं भरून मोकळी झाले असते.

काल नमुना काढला. पहिला बिघडला. आरे इतके जाड घेतले की मधल्या पाकळ्या बंद झाल्या, पावणेतीन इंचात ते चाक बटणासारखं दिसायला लागलं. दुसऱ्याला आरे तुंब्यापाशी जाड आणि धावेकडे निमुळते केले, सुताराच्या हातचे असतात तसे. धाव वेगळ्या ओळीने सॅटिन टाक्यात उठवली. पांढरा साधा पॉलिएस्टर, दोन वेळा गरम पाण्यात धुऊन पाहिला, पिवळा पडला नाही. तांबड्याचा रंगही पांढऱ्यात उतरला नाही, त्याची जास्त काळजी होती. ऱ्हाइनकाठताईंनी सांगितलेली पांढरी किनार सव्वा सूत रुंद दिली. भगव्यावर ठेवून गच्चीवरून मुलीला खाली चाळीच्या दारात उभं केलं. किनारीमुळे ढाल उठून दिसते, चाकही ओळखता येतं.

भाच्याने पालिकेला पत्र पाठवलंय, सोबत नमुन्याचा फोटो. उत्तर येईपर्यंत चाळीस नग मशीनवर लावणार नाही. कापड मंगलदास मार्केटमधून आणून ठेवलंय.

पंचिंगवाल्याकडून एक बदल मात्र करून घेतला. आम्ही अशी मोठी भरण नेहमी तिरकी घेतो, कापड ओढलं जात नाही आणि काम लवकर उरकतं. त्याला म्हटलं, तांबडी भरण उभी दे. तो म्हणाला वेळ जास्त लागेल, खाली जाड पेपर लावावा लागेल. म्हटलं लागू दे. तांबडा धागा उन्हात उडतोच, चार गणपती झाले की विटकरी होईल, पुढे कोणता रंग होता तेही सांगता यायचं नाही. टाके मात्र उभेच असतील.